हरवळेचा धबधबा, बाजूचं ‘बुद्ध मंदिर’ आणि जुलैचा पाऊस: आईंना घेऊन येण्याआधी एवढं वाचा

दादा, हरवळ्याबरोबर दूधसागरचा धबधबा पण होईल का, ते आधी सांगून टाकतो म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल. त्याच दिवशी नाही बसत, आणि जुलैत तर नाहीच. दूधसागर मोलेच्या अभयारण्यात आहे, कुळे गावातून पुढे जंगलात शिरावं लागतं, व्हिडिओत ज्या जीप बघितल्या असतील त्या पावसाळ्यात बंद असतात, ऑक्टोबरच्या आसपास पाणी ओसरलं की सुरू होतात, आणि रेल्वेच्या रुळावरून चालत जायला बंदी आहे. तुम्ही ज्या धबधब्याचा फोटो टाकलाय तो हरवळेचा, उत्तर गोव्यात डिचोली तालुक्यात, साखळी शहराला जवळजवळ लागून. दोन्ही जागा एकाच दिवशी करायच्या म्हणजे आईंना दिवसभर गाडीत बसवून ठेवणं. तेव्हा ते सोडा.

आता तुमचा मूळ प्रश्न. सांगलीहून स्वतःच्या गाडीने येताय, आई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, मुलगा ९ वर्षांचा. कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘गोव्यातलं प्राचीन बुद्ध मंदिर, बाजूला सुंदर धबधबा’ असं पाठवलं, आईंनी ते बघितलं, आणि आता त्यांना तिथे जाऊन वंदना घ्यायचीय. पोराला धबधब्याखाली भिजायचंय. तुम्ही विचारलंत की जुलै बरा की नको, आणि किती वेळ लागेल.

मी डिचोलीचाच. १७ वर्षं झाली गाडी घेऊन लोकांना गोवा दाखवतोय, बीचवाले कमी, देवळं-किल्ले-गुंफा बघणारे जास्त, आणि त्यात निम्मे तुमच्याच बाजूचे, सांगली-कोल्हापूर-मिरज. किती वेळ लागेल हा प्रश्न तसा सोपा आहे, दोन-अडीच तासांत सगळं आरामात होतं. पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत जे तुम्ही सरळ विचारले नाहीत. आईंना जे बघायला मिळेल असं वाटतंय ते तिथे आहे का? आणि मुलाला पाण्यात सोडायचं का? या दोघांची उत्तरं नीट मिळाली की जुलैचं आपोआप ठरेल.

पहिलं. हरवळ्याला आज बुद्ध मंदिर नाही. तिथे दोन जागा आहेत आणि फोटोवाल्याने दोन्हींची सरमिसळ केलीय. एक म्हणजे श्री रुद्रेश्वराचं देऊळ, शंकराचं, धबधब्यापाशीच, नांदतं देऊळ आहे, महाशिवरात्रीला मोठा उत्सव होतो. आणि थोडं अलीकडे जांभ्या दगडात खोदलेल्या गुंफा, गावात सगळे पांडवांच्या गुंफा म्हणतात, पांडव वनवासात इथे राहिले अशी श्रद्धा. भारतीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे ते. ‘प्राचीन बुद्ध मंदिर’ म्हणतात ते या गुंफांना. आत बुद्धाची मूर्ती नाहीये. आत शिवलिंगं आहेत.

हे मी एवढं ठासून का सांगतोय त्याला कारण आहे. सात-आठ वर्षांपूर्वी विदर्भातलं एक कुटुंब माझ्या गाडीत होतं, त्यांना एका ट्रॅव्हलवाल्याने सहलीच्या कागदावर ‘बौद्ध मंदिर दर्शन’ असं छापूनच दिलेलं. मी पण तेव्हा फार खोलात गेलेलो नव्हतो, कागदावर हरवळे लिहिलंय म्हणून हरवळ्याला घेऊन गेलो. आजी पांढरी साडी नेसून आलेल्या, पिशवीत फुलं, मेणबत्त्या, सगळं घरून आणलेलं. आत गेल्या, दोन मिनिटांत बाहेर आल्या आणि कडेच्या दगडावर बसून मला म्हणाल्या, आपले भगवान कुठायत रे बाळा? मला काही बोलताच आलं नाही. त्या रागावल्या नाहीत, काही नाही, फक्त ती पिशवी परत गाडीत ठेवली. परतीच्या रस्त्यात कुणी बोललं नाही. त्यानंतर मी वाचायला लागलो, जाणकारांना विचारायला लागलो, आणि ठरवलं की या जागेवर कुणालाही न्यायच्या आधी, गाडीत बसायच्या आधी, काय दिसणार आणि काय नाही दिसणार ते सांगायचं.

तर आता आईंना काय सांगायचं ते सांगतो, कारण सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

या गुंफा साधारण सहाव्या-सातव्या शतकातल्या मानतात. ओळीने खोल्या, पुढे खांबांची ओसरी, आत ओटे, नक्षीकाम जवळपास नाहीच. ज्यांनी आपल्याकडच्या बौद्ध लेण्यांतले विहार बघितलेत त्यांना ही मांडणी ओळखीची वाटते, भिक्खूंची राहायची खोली अशीच साधी असते. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की मुळात हा बौद्ध विहार होता, नंतर शैवांकडे आला आणि लिंगं बसली. दुसरा पक्ष म्हणतो की पहिल्यापासूनच शैव आहे. त्यांच्या बाजूने पण जोर आहे, कारण लिंगावर जो छोटा संस्कृत लेख कोरलाय त्याचं अक्षरवळण सातव्या शतकाच्या सुमाराचं मानतात, म्हणजे लिंगं काही कालपरवाची नाहीत. आणि सगळी लिंगं नेहमीसारखी पण नाहीत, एकाचा माथा गोल चकतीसारखा आहे, एकाचा भाल्याच्या पात्यासारखा, जाणकार त्यांना सूर्य आणि कार्तिकेय मानतात. मी अभ्यासक नाही, पण इतकी वर्षं त्या खोल्यांत उभा राहून माझं मत झालंय की मांडणी विहाराचीच वाटते. हे माझं मत, पुरावा नव्हे. आईंना सांगताना ‘हा विहार असावा असं काहीजण मानतात’ असंच सांगा.

कारण एरवी सुद्धा गोव्यात बौद्ध धर्म होता याला भक्कम पुरावे आहेत, त्यासाठी हरवळेवर जास्तीचा भार टाकायची गरजच नाही. बार्देश तालुक्यात कोलवाळ गावात मुशीर वाड्यावर १९३० साली इतिहास संशोधक फादर हेरास यांना दगडी बुद्धमूर्ती सापडली, ती आता मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात हेरास इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहे. दक्षिण गोव्यात रिवणला गुंफा आहेत, त्या बौद्ध मानल्या जातात. इथे डिचोलीजवळ लामगावच्या गुंफा आहेत, त्यांच्याबद्दल पण तसंच म्हणतात. आणि त्याच्याही मागे गेलात तर अशोकाच्या काळात पाटलीपुत्राच्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या धर्मसभेनंतर, जे भिक्खू चहूकडे धम्म सांगायला गेले त्यातले धम्मरक्खित हे अपरांतात आले, अपरांत म्हणजे ही आपली कोकणपट्टी. आईंना हे नाव कदाचित माहीत पण असेल.

लेणी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढे अजिंठा-कार्ले येणार, म्हणून दगडाचं पण सांगतो. तिकडे काळा पाषाण, तो छिन्नीला कठीण पण एकदा कोरलं की बारीक रेघ सुद्धा दोन हजार वर्षं टिकते. इथे जांभा. जांभा जमिनीतून उघडा केला की मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आमच्याकडे घराचे चिरे असेच काढतात, आणि हवा-ऊन लागलं की कडक होत जातो. पण तो भोकाभोकांचा, त्यात चेहरा, बोटं, कमळाच्या पाकळ्या कशा काढणार? म्हणून इथे भिंती कोऱ्या आहेत. कोऱ्या भिंती बघून ‘काहीच नाही’ म्हणणारे मला रोज भेटतात. दगडानेच जे करू दिलं नाही ते शोधत बसलं तर वाईट वाटणारच. त्यापेक्षा तासल्याच्या खुणा बघा, हाताने बघू नका, डोळ्यांनी बघा.

आणि आता जुलै. इथेच तुमच्या आईंसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे असं मला वाटतं.

भिक्खू पावसाळ्यात फिरत नसत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी राहायचे, वर्षावास. तुमच्याकडे घरोघरी वर्षावासात ग्रंथाचं वाचन चालतं ते यावरूनच. गुंफा खोदायचं एक मोठं कारण हेच, की पावसाचे महिने कुठेतरी कोरड्यात काढायचे. आता तुम्ही जुलैत येणार, बाहेर आमचा कोकणातला धो धो पाऊस, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो त्यातला सगळ्यात जास्त याच महिन्यात, ओसरीच्या पुढे पाण्याचा पडदा, आणि शांत उभं राहिलात तर पावसाच्या आवाजाच्या मागे धबधब्याचा आवाज. इथे जर कधी भिक्खू राहिले असतील तर नेमक्या याच दिवसांत, हाच आवाज ऐकत. डिसेंबरच्या उन्हात तुम्ही तीच गुंफा बघाल पण हे नाही मिळणार. मागे एकदा एका ताईंना मी हे सांगितलं, त्यांनी कोपऱ्यात उभं राहून डोळे मिटले आणि अर्धा तास तिथून हलल्या नाहीत. त्यांना मूर्ती नव्हती याचं काही वाटलं नाही, कारण त्यांना आधी माहीत होतं. म्हणून माझं म्हणणं, आईंसाठी जुलै उत्तम आहे, फक्त त्यांना मनाची तयारी करून आणा.

वंदना घेता येईल का? हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हणायला काहीच हरकत नाही, मी लोकांना म्हणताना बघितलंय. पण मेणबत्ती, अगरबत्ती नको. संरक्षित स्मारक आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे काजळी जांभ्याच्या भोकांत बसते ती निघत नाही, घासली तर दगडच सुटतो. फुलं पण हातातच राहू द्या, नाहीतर कोरी भिंत कुणीतरी कुंकवाने आणि कुणीतरी मेणाने भरून टाकतं आणि मग कुणी कुणाला बोलायचं. गावची माणसं त्या लिंगांना मानतात, नमस्कार करतात, चपला बाहेर काढा, एवढं केलंत की कुणी तुम्हाला तुमची वंदना का घेताय म्हणून विचारणार नाही. कधीकधी एखादा गट येतो आणि जागा मुळात कुणाची यावर तिथेच आवाज चढवतो, त्यात पडू नका. भिंती चौदाएकशे वर्षं उभ्या आहेत, त्यांनी दोघांनाही पावसात आसरा दिला असेल तर चांगलंच आहे की.

आता पाणी. इथे मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका.

मुलाला धबधब्याखाली सोडायचं नाही. जुलैत नाही, आणि खरं सांगायचं तर ऑक्टोबरमध्ये पण त्या डोहात नाही. दूधसागर ३१० मीटरचा, त्याच्यापुढे हरवळे लहान वाटतो, लहान वाटतो म्हणूनच लोक फसतात. पाणी ज्या जागी वर्षानुवर्षं पडतं तिथे खाली खड्डा होतो, आम्ही कोंड म्हणतो, कडेला गुडघाभर आणि दोन पावलं पुढे एकदम खोल, तळ दिसत नाही कारण पाणी गढूळ. दुसरं म्हणजे पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, पांढरा फेस दिसतो ना तो, त्या फेसाळ पाण्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही, चांगला पोहणारा पण खाली जातो. आणि वरून कोसळणारं पाणी खाली तळाला जाऊन बाहेर येतं तेव्हा वरचं पाणी परत धारेकडे ओढलं जातं, माणूस काठाकडे हात मारत असतो आणि पाणी त्याला धारेखाली नेत असतं. हे तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो शास्त्र नाही सांगणार पण ‘कोंड ओढता’ एवढं सांगेल.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना माहीतच नसते. हरवळ्याला पाऊस थांबलेला असतो, ऊन पण पडलेलं असतं, आणि अचानक पाणी वाढतं. कारण पाऊस वरच्या बाजूला डोंगरात पडत असतो आणि मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, त्यात पावसाळ्याच्या भरात पाणी मुरत नाही, सगळं सरळ ओढ्यात येतं. एका जुलैत मी माझ्या लोकांना घेऊन वर कठड्यापाशी उभा होतो, खाली चार पोरं, कॉलेजची असावीत, दगडावर बसून फोटो काढत होती. पाण्याचा रंग बदलला. आधी विटकरी होता तो एकदम दाट लाल झाला, पाल्याचे गठ्ठे यायला लागले. मी आणि देवळाकडचे दोघे ओरडलो, धारेच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार, शेवटी एकाचं लक्ष गेलं आणि ती उठून पळाली. पाच-सात मिनिटांनी ते ज्या दगडावर बसलेले तो दगड दिसत नव्हता. चारही जण वाचले. पण मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. तेव्हापासून लक्षात ठेवलंय आणि तुम्ही पण ठेवा, रंग दाट झाला, काटक्या-पाला यायला लागला, आवाज भरला, की कठड्याच्या आत असलात तरी मागे व्हायचं.

हल्ली पावसाळ्यात धबधबे आणि बंद खाणींच्या पाण्यात उतरायला बंदीचे सरकारी आदेश निघतात, त्यामुळे पोलिसाने हटकलं तर वाद घालू नका, त्याने चांगलंच काम केलंय. खाणीचं नाव निघालं म्हणून सांगतो, साखळी-डिचोलीच्या रस्त्याला तुम्हाला हिरवीगार पाण्याने भरलेली तळी दिसतील, फार सुंदर दिसतात, त्या खाणींच्या खंदकात पोराला पाय बुडवायला पण नेऊ नका, कडा सरळ तुटलेल्या असतात आणि माती सुटी.

पाण्याच्या रंगाचं पण मनाला आधी सांगून ठेवा. फोटोत पांढराशुभ्र दिसतो तो पाऊस गेल्यानंतरचा, सप्टेंबर शेवट ते नोव्हेंबर. जुलैत लाल-तांबडं पाणी असतं. काही आमच्या मातीचा रंगच तो, आणि काही खाणींची देणगी. या तालुक्यात कित्येक दशकं लोखंडाच्या खाणी चालल्या, २०१२ मध्ये थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत थांबल्या, आता काही ठिकाणी पुन्हा काम सुरू झालंय, पण खोदून काढलेल्या मातीचे डोंगर तसेच उभे आहेत आणि दर पावसात थोडे थोडे ओढ्यांत उतरतात. माझ्या लहानपणी शेतात लाल गाळ यायचा तो बघितलाय, म्हणून हा रंग बघून मला दरवेळी थोडं वाईट वाटतं. तरी जुलैतला हरवळे बघायचाच असतो. तो जोर, तो आवाज, अंगावर येणारे तुषार, कठड्यापाशी उभं राहिलात तरी पाच मिनिटांत पोरगा नखशिखांत भिजणार. त्याला हेच सांगा, धबधबा आपल्याकडे येतो, आपण त्याच्याकडे जायचं नाही. माझ्या गाडीतल्या सगळ्या पोरांना मी असंच सांगतो आणि ती ऐकतात. समुद्रात पण जुलैत उतरायचं नसतं, लाल बावटे असतात, त्यामुळे पोहायची फारच हौस असेल तर पोहायचा टँक असलेलं हॉटेल बघा.

आता गुडघे. सुदैवाने गुंफा सोप्या आहेत, गाडी जवळ जाते, चालणं थोडं, चढण नाही म्हटलं तरी चालेल. गुंफेची जमीन मात्र ओसरीत ओली आणि खडबडीत, आईंचा हात धरा. धबधब्याला पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्या पावसात शेवाळलेल्या असतात. गुडघेदुखीवाल्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो हे तुम्हाला माहीतच असेल, त्यात घसरायची भीती आली की माणूस अंग आखडतं आणि मग दुप्पट दुखतं. तर त्या दिवशी पायऱ्या कशा आहेत ते तुम्ही आधी एकटे उतरून बघा. निसरड्या असल्या तर आईंना वर देवळाकडेच बसवा, आवाज तिथपर्यंत येतो. उतरल्याच तर कठड्याच्या बाजूने, एक माणूस पुढे, मागे नाही, पुढे, म्हणजे तोल गेला तर अडवता येतो. पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल. छत्री नको, एक हात अडकतो आणि वाऱ्यात उलटते, रेनकोट घाला.

देवळाबद्दल एक. रुद्रेश्वराच्या इथे लोक गेलेल्या माणसांची कार्यं करायला येतात. कधी तुम्हाला पाण्याच्या बाजूला एखादं कुटुंब दिसेल, मुंडण केलेला मुलगा, भटजी, पिंड. तिकडे कॅमेरा वळवू नका आणि पोराला तिथे धावू देऊ नका. आम्हा गाडीवाल्यांना हे सांगायचं कुणी शिकवत नाही, पण मला स्वतःला माझ्या वडिलांच्या वेळी कुणीतरी मागे उभं राहून सेल्फी काढत होतं ते अजून आठवतं.

दिवस कुठला, वेळ कुठली? तुम्ही सांगलीहून बेळगाव आणि चोर्ला घाटाने येणार असाल. घाट उतरलं की केरी आणि मग साखळी, म्हणजे हरवळे तुमच्या वाटेवरच आहे, त्यासाठी पणजीहून वेगळी फेरी मारायची गरज नाही. बहुतेक जण येतानाच करू म्हणतात. मी उलटं सांगतो, जाताना करा. येताना तुम्ही पाच-सहा तास गाडीत, घाटात धुकं असेल, कुठे झाड पडलं, दरड आली तर उशीर, साखळीला पोचेपर्यंत चार-साडेचार, आई थकलेल्या, पावसाळ्यात ढगांमुळे पाच वाजता गुंफेत काळोख होतो. जाताना हॉटेल सकाळी लवकर सोडा. पणजीच्या बाजूला उतरलात तर साखळी साधारण ३५ किलोमीटर, पावसात तासभर धरा. साडेआठपर्यंत आधी गुंफा, तेव्हा कुणीही नसतं आणि तुमच्या आईंना नेमकं तेच पाहिजे. दहाच्या आसपास धबधबा. अकराला सगळं आटोपतं, कपडे बदला, साखळीत काहीतरी खा, आणि बारा-एकला घाटाला लागा, दुपारी धुकं त्यातल्या त्यात कमी असतं, उजेडात बेळगाव गाठाल. आदल्या रात्री पाऊस प्रचंड झाला असेल तर चोर्ल्याची बातमी बघूनच निघा. रविवार टाळा, आणि श्रावण लागला असेल तर सोमवार टाळा, देवळात गर्दी असते.

खायचं म्हणजे साखळीच्या बाजारात सकाळी कुठल्याही छोट्या हॉटेलात भाजी-पाव मिळेल, पातळ भाजी मागा, सोबत मिरची भजी, पोराला बन्स आवडतील. आई शाकाहारी असतील तर ‘शिवराक’ म्हणून विचारा, कळेल. गुंफेपाशी हॉटेल वगैरे धरून चालू नका, पाणी आणि आईंची औषधं गाडीत ठेवा, आणि बाथरूमची सोय साखळीत खाल्लं तिथेच उरकून घ्या.

गाडी नसलेल्या वाचणाऱ्यांसाठी दोन वाक्यं, कारण खाली कुणीतरी विचारलंय. पणजी आणि म्हापशाहून साखळीला बस मिळतात, साखळीहून हरवळे दोनेक किलोमीटर, रिक्षा किंवा पायलट करा, पायलट म्हणजे आमच्याकडची मोटारसायकल टॅक्सी, परत न्यायला थांबायचं आधीच ठरवून घ्या. स्कूटर भाड्याने घेत असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, आणि जुलैत साखळीच्या रस्त्याला संध्याकाळी स्कूटर नकोच.

लामगावच्या गुंफा याच फेरीत जोडू का असं मनात येईल. पावसात तिथली वाट आईंच्या गुडघ्यांना नाही चालणार, तुम्ही एकटे असतात तर हो म्हटलं असतं. रिवण तर अगदी दुसऱ्या टोकाला. थंडीत परत आलात तर रिवणच्या गुंफा आणि तिथून जवळ कुशावतीच्या काठावर उसगाळीमळची कातळात कोरलेली चित्रं असा एक दिवस नक्की करा. आणि आईंना गोव्यातल्या मातीतून निघालेला बुद्ध डोळ्यांनी बघायचाच असेल तर मुंबईला जाल तेव्हा झेवियर्समध्ये आधी फोन करून, परवानगी विचारून मग जा. त्या विदर्भातल्या आजींना मला हे तेव्हा सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

आईंना हे सगळं गाडीत घाईघाईने नका सांगू, निघायच्या आधी घरी निवांत बसून सांगा, मूर्ती नाही हे सुद्धा, वर्षावासाचं सुद्धा, आणि मग त्यांना विचारा की यायचंय का. हो म्हणाल्या तर गुंफेत गेल्यावर त्यांना एका खोलीच्या ओसरीत थोडा वेळ एकटं बसू द्या, एक घडीची खुर्ची आणा गाडीत टाकून, जमिनीवर बसणं जमायचं नाही त्यांना. तारीख ठरली की इथेच लिहा. आदल्या दिवशी माझी फेरी त्या बाजूला असतेच, पाणी किती आहे आणि पायऱ्या कशा आहेत ते बघून सांगतो.